गाणं कंपनीला लिहून दिलं, मग रॉयल्टी कुणाची?

प्रश्न : मी भीमगीतं लिहितो. २०१९ साली एका कंपनीनं माझी काही गाणी एकरकमी घेतली, कागदावर ‘सर्व हक्क’ असं लिहून घेतलं. आता ती रेडिओवर लागतात, जयंतीला ऑर्केस्ट्रावाले गातात. मला काही मिळेल का? (परभणी)

उत्तर : मिळायलाच हवं. कॉपीराइट कायद्यात २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, रेकॉर्डिंगसाठी हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकाराकडेच राहतो. तो फक्त वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला (हक्कदारांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) देता येतो. कंपनीला सोडून दिल्याचं कलम करारात असलं तरी ते रद्दबातल.

आधी तो कागद काढून मुदत बघा. ‘सर्व हक्क’ आहे पण किती वर्षांसाठी ते लिहिलेलंच नाही, असं असेल तर कायदा पाच वर्षंच धरतो (कलम १९(५)). म्हणजे २०१९ चा करार २०२४ मध्येच संपला आणि गीत परत तुमचं झालं. ही एक ओळ न वाचल्यामुळे कितीतरी गीतकार हक्काच्या पैशाला मुकतात.

मग आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासदत्व घ्या. गीतकार-संगीतकारांसाठी नोंदणी झालेली सोसायटी तीच. सभासद झाल्यावर प्रत्येक गाणं वेगळं नोंदवा : मुखडा, गायक, संगीतकार, कुणाचा किती टक्के वाटा. घोळ नेमका इथं होतो. कॅसेटवर टोपणनाव, पॅनवर पूर्ण नाव, यूट्यूबवर तिसरंच. मग वाजलेलं गाणं तुमच्या खात्याशी जुळत नाही आणि पैसे पडून राहतात. टोपणनावही नोंदवा.

एक गोष्ट तपासाच. चाल सिनेमातल्या गाण्याची असेल, तर चालीचा वाटा मूळ हक्कदाराचा, आणि त्याची परवानगी नसेल तर सगळंच अडतं. चाल पारंपरिक असेल तर तुमचे शब्द तुमचेच.

प्रश्न : आमचं फॅमिली रेस्टॉरंट आणि मागं लॉन आहे. अॅपचं मासिक शुल्क भरून गाणी लावतो. तरी परवाना लागतो? (जालना)

उत्तर : लागतो. अॅपचं ते शुल्क घरी ऐकण्यापुरतं असतं. स्पीकरवर गाणं लावलं की दोन हक्क येतात : गीत-संगीताचा आयपीआरएसकडे आणि रेकॉर्डिंगचा म्युझिक कंपनीचा. ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष गात असेल तर फक्त पहिला. रेकॉर्डिंगसाठी कुणी पैसे मागायला आलं, तर त्यांच्या गाण्यांची यादी, सोसायटीची नोंदणी किंवा कंपनीनं त्यांना दिलेला हक्काचा कागद आणि छापील दरपत्रक मागा. पावतीशिवाय रोख देऊ नका.

लॉनवरच्या लग्नाचं मात्र वेगळं. वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ कलम ५२(१)(झेडए) खाली सुटतात. जुलै २०२३ मध्ये केंद्रानंही तसा खुलासा केला. वाढदिवस किंवा तिकिटाचा दांडिया त्यात बसत नाही.