रीफ टँकमध्ये हॉर्सशू क्रॅब ठेवायचा तर वाळू किती इंच हवी?

तुम्ही विचारलंय की ७५ गॅलनच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, वाळू साफ राहावी म्हणून एक छोटा हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा समुद्री प्राणी) आणायचाय, तर वाळूचा थर किती ठेवू आणि कोरलना त्याचा त्रास होईल का.

आणू नका. माझाही टँक ७५ गॅलनचाच होता आणि माझ्याकडचा हॉर्सशू सात महिन्यांत उपाशी मेला.

मी न्यू जर्सीत राहतो. टँक लावून तीन वर्षं झाली होती, सगळं स्थिरावलं होतं, फक्त वाळूवर तपकिरी थर यायचा तो काही जाईना. या छंदात मला ज्या मित्राने आणलं त्याचा शब्द मी तेव्हा प्रमाण मानायचो. तो म्हणाला, "हॉर्सशू आण, वाळू नांगरून काढतो. आणि वेगळं काही खायला घालू नकोस हं, आयतं मिळायला लागलं की काम बंद." दुकानदारानेही हेच सांगितलं. अडीच इंचांचं कवच, मागे सुईसारखी शेपूट, रंग मधासारखा. वाळूवर सोडला तसा मिनिटभरात पुढची कड खाली घालून आत शिरला. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. नालेसारखा दिसतो म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं नाल्या.

सहा आठवड्यांत वाळू पांढरीशुभ्र झाली. मी फोटो काढून मित्राला पाठवले. पूर्वी रात्री टॉर्च मारला की काचेलगत वाळूत ब्रिसल वर्म, म्हणजे बारीक केसाळ किडे दिसायचे, ते दिसेनासे झाले होते, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. हा प्राणी त्या तपकिरी थरावर जगत नाही. वाळूतले किडे, बारीक शिंपले हे त्याचं खाणं. पायांच्या बुडाशी काटे असतात, त्यांनी ते चिरडून पायांच्या मधोमध असलेल्या तोंडात ढकलतो. आपल्या टँकचा तळ चार फूट बाय दीड फूट, त्यात निम्म्या जागेवर खडक. तेवढ्यात असं खाणं किती दिवस पुरणार?

चौथ्या महिन्यात तो दिवसाही फिरायला लागला. मला वाटलं, रुळला. आता कळतं की तो खाणं शोधत होता. खाली ठेवलेले झोअँथिड कोरलचे तुकडे रोज उलटे पडलेले असायचे, आणि एका सकाळी खडक आणि काच यांच्या फटीत तो स्वतःच उताणा अडकलेला सापडला, पाय हवेत चालल्यासारखे हलत होते. कोरलबद्दल विचारलंत ना, तो कोरल खात नाही, पण तळाशी नीट चिकटवलेलं नसेल ते सगळं उलथतो. पाचव्या महिन्यात मी शिंपल्याच्या मांसाचा तुकडा टाकून बघितला. तो तिथवर पोचायच्या आधी हर्मिट क्रॅबनी (शंखात राहणाऱ्या खेकड्यांनी) पळवला. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "सवय लावू नकोस." मी ऐकलं. ते ऐकायला नको होतं.

सातव्या महिन्यात एका सकाळी मुलगी ओरडत आली, "बाबा, नाल्याने कात टाकली!" हॉर्सशू कात टाकतो तेव्हा कवच पुढच्या कडेला उकलतं आणि तो त्यातून पुढे बाहेर येतो. मी कवच हातात घेऊन पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड अखंड होती.

मित्राचं म्हणणं आजही तेच आहे की मी सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) सांभाळली नाही. माझ्याकडे वही आहे. रोजचं तापमान, सॅलिनिटी १.०२५, आठवड्याचं नायट्रेट, सगळं तारखेनिशी. पाणी चांगलं होतं. आणि "माझ्याकडे तर कित्येक वर्षं आहे" असं तो सांगतो, तो एक हॉर्सशू नाही. दर वसंतात नवा विकत आणतो, हे त्यानेच एकदा बोलण्याच्या ओघात सांगितलं.

पुढच्या वर्षी मे अखेरीस पौर्णिमेच्या भरतीला मुलीला घेऊन डेलावेअर उपसागराच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे ते अंडी घालायला वाळूवर येतात. परातीएवढ्या माद्या, मागे धरून बसलेले नर. उताणे पडलेले आम्ही कवचाच्या कडा धरून सरळ केले. शेपटीला धरून उचलायचं नाही, तिला इजा होते. एका मादीशेजारी मी हात टेकवून मोजलं, शेपटीसकट अडीच वीत भरली. माझ्या टँकची खोली पुढून मागे दोन वीत. वयात यायला त्यांना दहाएक वर्षं लागतात आणि वीसेक वर्षं जगतात. न्यू जर्सीत तर २००८ पासून त्यांना पकडायला बंदी आहे, कारण आर्क्टिककडे जाणारे रेड नॉट पक्षी वाटेत याच अंड्यांवर जगतात.

वाळूचं राहिलंच. बारीक वाळू, किमान चार इंच. पण मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत ते नीट राहतात ते वाळूच्या खोलीमुळे नाही. तिथे तळ अफाट असतो, माणसं नेमून खायला घालतात. तुमच्याकडे खडक आणि कोरल नसलेला वेगळा रुंद टँक असेल आणि शिंपला किंवा कोळंबी रोज त्याच्या कवचाखाली सरकवायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. माशांच्या आजारावर वापरतात ते तांब्याचं औषध मात्र त्या पाण्यात कधीही नको.

आणि तुम्ही भारतातून विचारत असाल तर प्रश्नच मिटला. ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर दोन जाती आहेत, त्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

वाळूसाठी नॅसॅरियस गोगलगायी आणा, सोबत एखादा फायटिंग काँक (हीसुद्धा शंखाची समुद्री गोगलगायच). माझी वाळू गेली चार वर्षं त्यांच्यावरच आहे.

माझा मित्र हे वाचेलच. त्याने एकाच हॉर्सशूच्या तीन काती दाखवाव्यात, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठी. मी माझी वही घेऊन येतो.