सांडपाण्याचा खर्च ‘सीएसआर’मध्ये दाखवता येईल का?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका काजू प्रक्रिया कारखान्यात हिशेब पाहतो. गेल्या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा प्रथमच पाच कोटींच्या वर गेला. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेची दुरुस्ती, बिया फोडणाऱ्या महिलांचे हातमोजे आणि गावातील सरकारी शाळेची रंगरंगोटी हे सारे ‘सीएसआर’खाली, म्हणजे कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून करायच्या खर्चात दाखवावे, असे संचालकांचे मत आहे. हे नियमात बसते का? आणि अशा खर्चातून कारखान्याच्या पदरात काही पडते का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तीनपैकी फक्त शाळा बसते. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार लगतच्या मागील आर्थिक वर्षात पाच कोटी किंवा त्याहून अधिक निव्वळ नफा झालेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. मात्र जे काम दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारकच आहे, किंवा ज्याचा लाभ केवळ आपल्याच कामगारांना होतो, ते या रकमेत धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे हे 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखालील बंधन असून, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही त्याच अटीवर मिळते. तुमची रक्कम पन्नास लाखांच्या आत असेल, तर स्वतंत्र समितीची गरज नाही. संचालक मंडळाचा निर्णय पुरेसा आहे.

आता लाभाचे. काजूच्या टरफलातील तेल कातडी अक्षरशः भाजते. बी फोडणाऱ्या बाईची बोटे पाहा : एरंडेल चोळूनही टोके काळवंडलेली आणि सोललेली असतात. हात दुखावलेली बाई सावकाश फोडते, गर तुटतो, आणि अख्ख्या गराच्या तुलनेत तुकड्याला बाजारात बराच कमी भाव मिळतो. म्हणजे हातमोज्यांवरची काटकसर गराच्या प्रतवारीत महागात पडते. टरफलांचेही तसेच. एक किलो बियांतून गर जेमतेम पाव किलो निघतो, उरते ते बहुतांशी टरफल. ते तसेच बॉयलरमध्ये जाळले की झोंबणारा धूर वाड्यावर पसरतो आणि तक्रारी येतात. तेच टरफल तेल काढणाऱ्या घाण्याला विकले, तर ते तेल रंग आणि ब्रेकच्या अस्तरांसाठी लागणाऱ्या रेझिनमध्ये वापरले जाते आणि तेल काढलेला चोथा इंधन म्हणून चालतो.

शाळेबाबत एक सूचना. रंगवलेल्या भिंतीचा फोटो चांगला येतो, म्हणूनच बहुधा सर्वांना तेच सुचते. पण गोव्याच्या पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढते. शौचालयाला पाणी आहे का, हे मुख्याध्यापकांना आधी विचारा. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाही सांगतो, तेव्हा गाव बदलण्याची गरज नाही.

हातमोज्यांचे बिल मात्र उत्पादन खर्चातच लिहा.