गावात पाणलोटाचं काम सुरू करताय? आधी एवढं करा

पावसाचं पाणी अडवून जिरवायचा उत्साह छान आहे, पण जेसीबी लगेच बोलावू नका. नवी मंडळी हमखास ओढ्याच्या खोलीकरणापासून सुरुवात करतात, कारण फोटो चांगला येतो. वरचा डोंगर उघडाच असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत ते गाळानं भरतं. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यायचं: आधी समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), मग बांधबंदिस्ती, म्हणजे शेताचे बांध, ओढा सगळ्यात शेवटी.

समपातळी रेषा नजरेनं आखू नका. तीन बांबू, सुतळी, दगडाचा ओळंबा, झाली ए-फ्रेम, म्हणजे पातळी बघायची A आकाराची चौकट. चर जरा तिरका गेला की पाणी एका टोकाला साचतं आणि तिथूनच चराच्या कडेचा मातीचा भराव फुटतो.

सध्या इतकंच:
- उन्हाळ्यात दहाएक विहिरींची पातळी दोरीनं मोजून वहीत लिहा.
- चराईबंदीचा ठराव नंतर, आधी शेळ्या-मेंढ्यांवाल्यांशी बोला. हा टप्पा चुकला तर लावलेली रोपं गेलीच समजा.
- महिलांची ग्रामसभा आधी घ्या.

पाणी आल्यावर ऊस लावायचा का, हेही आत्ताच ठरवा. नंतर कुणी ऐकत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती आलं नि किती वापरायचं याचा हिशोब मांडला, म्हणून तिथलं पाणी टिकलं. माती नालाबांध (ओढ्यावरचा मातीचा बांध), गॅबियन (जाळीत दगड भरून केलेला बांध) वगैरे पुढच्या वर्षी बघू.