झेंड्यावर वाघ नको, पळस घे

प्रिय बाबू,

अनेक आशीर्वाद. नगर पंचायतीच्या झेंड्यासाठी काढलेले तुझे नमुने पाहिले. हात चांगला आहे. पण एकाच कापडावर वाघ, कापसाचं बोंड, बैलजोडी, कळस, धरण आणि वर उगवता सूर्य! खांबावर चढल्यावर यातलं काही ओळखू येणार नाही. झेंडा लोक खालून, उन्हात, फडफडताना बघतात. चौथीतल्या पोराला एकदा पाहून पाटीवर काढता यावा, एवढाच तो असावा.

वाघ तर सगळेच सुचवतील. टिपेश्वरचं अभयारण्य जवळ, पर्यटकही येतात. पण 2018 मध्ये राळेगावकडे ती नरभक्षक ठरवलेली वाघीण मारली गेली, त्याआधी तिकडे पऱ्हाटीत जायला माणसं भीत होती. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानं त्या झेंड्याकडे कसं बघायचं? शेकरूही नको. राज्यप्राणी आहे, देखणा आहे, पण तुमच्या शिवारात तो पाहिलाय कुणी?

माझं ऐकशील तर पळस घे. बांधावर, नाल्याकाठी, पडीकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं झाड. फाल्गुनात खाली पडलेलं एक फूल उचलून बघ. देठाकडची वाटी काळपट, मखमली. पाकळी शेंदरी आणि वाघनखासारखी वळलेली. पान मात्र तिथं शोधू नकोस. ऐन बहरात झाड बहुतेक निष्पर्ण असतं. तुझ्या तिसऱ्या नमुन्यात एकाच फांदीवर भरगच्च पानं आणि फुलं आहेत. ते पाहून गुराखी हसतील. म्हणून फूल बोधचिन्हात घे, पान झेंड्यावर. पळसाला पाने तीनच, हे सांगायला नको. मधलं मोठं, बाजूची दोन जरा तिरकी, तेवढं सांभाळ.

रंगांचं अवघड आहे. भगवा, हिरवा, निळा, गावात प्रत्येकाला आधीच मालक आहे. तू माती आणि कापूस घे. वर पांढरं, खाली काळी पट्टी, तिच्यातून वर आलेलं काळं त्रिदल. अख्खं कापड काळं करू नकोस, लोकांना निषेध वाटेल.

पक्षी हवाच असेल तर नीलपंख. तारेवर बसला की मातकट दिसतो, निळाई खुलते ती उडताना. तेव्हा पंख पसरलेलाच काढ.

कायद्याचं थोडं. बोधचिन्हात चार सिंह घालू नकोस. राजचिन्हाच्या वापरावर 2005 च्या कायद्याचं बंधन आहे. 2002 च्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीनं दुसरा झेंडा लावता येत नाही, म्हणून तुमचा खांब वेगळा आणि ठेंगणा ठेवायला सांग.

आणि ठराव लिहिताना मुख्याधिकाऱ्यांना एक ओळ जास्तीची मागून घे: रस्ता रुंद करताना बांधावरचे पळस वाचवायचे. सभेत कुणी विरोध केलाच, तर कुणी केला ते मला कळव.

तुझा,
गुरुजी