पेटी कुणी भरायची?

जून तोंडावर आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कुणाचं लेकरू नवोदयला लागलेलं असतं, कुणाचं सैनिक शाळेत, कुणाची मुलगी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात निघालेली असते, तर कुणी लातुरातल्या एखाद्या खासगी निवासी शाळेची फी भरून मोकळं झालेलं असतं. शाळा वेगवेगळ्या, पण प्रश्न एकच. "मॅडम, लेकराबरोबर काय काय द्यावं? काही राहून जायला नको."

याचं उत्तर द्यायला समुपदेशक कशाला हवी, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटायचं. यादी तर शाळाच देते. पण यादी हातात असूनही माणसं येतात, म्हणजे अडचण यादीत नसते. एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

घर बीड जिल्ह्यातलं, सोयाबीन-कापसाचं. थोरली मुलगी पाचवी पास होऊन नवोदयला निवडली गेली होती. घरात सगळे तिला 'ताई' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावी ते बारावी. बीड जिल्ह्याची गढीला आहे, धाराशिवची तुळजापूरला, नांदेडची शंकरनगरला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, त्यामुळे गावात एखादं लेकरू लागलं की चौकात फ्लेक्स लागतो. ताईचाही लागला होता. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं असं सगळं तिथे मोफत. म्हणून वडिलांचं म्हणणं एका वाक्यात संपलं होतं, "सरकार सगळं देतंय, ही उगंच खर्च करायली."

आईनं मोबाइलवर फोटो दाखवला. पलंगभर सामान मांडलेलं. नवे सहा ड्रेस, एक भरजरी घागरा, ट्रॉली बॅग, वर पत्र्याची पेटी, नाव घातलेलं स्टीलचं ताट-वाटी-पेला, लाडवाचे डबे, पाणी तापवायची कॉइल, आजीनं शिवलेली वाकळ. रुखवत मांडल्यागत. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "माझ्या लग्नात माझ्या मायनं असंच भरलं होतं बघा. सासरी कुणाकडं काही मागायची वेळ येऊ नये म्हणून."

मग मी ताईला विचारलं, "यातलं काय कुठं ठेवलंय?" ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ते सगळं आईला माहितीय."

पुढचं सगळं या एका उत्तरावरून ठरलं. सासरी पाठवताना आई भरभरून देते, कारण त्या घरात लेकीचा हात कुठवर पोचेल याची तिला खात्री नसते. वसतिगृहात पोचलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीची अडचण उलटी असते. वस्तू पुष्कळ असतात, पण त्या सापडत नाहीत, सांभाळता येत नाहीत, वापरता येत नाहीत. पेटी उघडली की सगळं उपसावं लागतं, उपसलं की परत मावत नाही, शेजारची मुलगी बघत असते, तेवढ्यात जेवणाची घंटा होते. पहिल्या आठवड्यातलं निम्मं रडू अशा बारीकसारीक फजितीचं असतं. आईची आठवण त्यात मिसळते आणि मग फोनवर "मला न्यायला ये" एवढंच ऐकू येतं.

म्हणून मी आईला सांगितलं की पेटी रिकामी करा. आता ताई भरेल, तुम्ही बाजूला बसून बघा. आणि जी वस्तू तिला स्वतःला वापरता येत नाही, ती एक तर तिला शिकवा, नाही तर घरीच ठेवा.

कपड्यांपासून सुरुवात झाली. आपल्याकडे 'वाढत्या अंगाचं' घ्यायची रीत आहे. पैसा बघता ती चुकीची नाही, पण वसतिगृहात ती नडते. एक माप मोठे बूट घेतले तर पळताना टाच निघते, फोड येतात, आणि पीटीच्या तासाला लेकरू मागं राहतं. बूट मापाचेच घ्यावेत आणि निघायच्या आधी आठवडाभर घरात, अंगणात घालून मऊ करावेत. सलवारीला नाडी नको, इलॅस्टिक घाला, हे मी प्रत्येक मुलीच्या आईला सांगते. पहाटे स्वच्छतागृहासमोर रांग असते आणि नाडीची गाठ बसलेली असते, तेव्हा अकरा वर्षांच्या पोरीची काय अवस्था होते ते तिलाच विचारा. ताईच्या आईला शिवण येत होतं. चारही सलवारींत तिनं एका दुपारी इलॅस्टिक ओवून टाकलं.

गणवेश शाळा देते, तरी तो अंगावर येईपर्यंत घरचेच कपडे लागतात, आणि त्यातले निम्मे तरी रोजच्या वापरातले असावेत. सगळंच नवं दिलं तर लेकरू परक्या जागी परक्या कपड्यांत उभं राहतं. आतले कपडे मात्र भरपूर द्यावेत. पावसाळ्यात वाळत नाहीत आणि मुली लाजून ओलेच घालतात. भरजरी घागरा ताईनं स्वतःच बाजूला काढला. "तिथं कुणाचं लग्न हाय?" म्हणाली. आई थोडी हिरमुसली.

खुणेचा मुद्दा छोटा दिसतो, पण भांडणं त्यावरूनच होतात. पन्नास मुलींचे पांढरे मोजे एका दोरीवर वाळत असतात. मार्करनं लिहिलेलं नाव धुण्यात फिकं होतं. त्यापेक्षा प्रत्येक कपड्याच्या आतल्या कोपऱ्यात एकाच रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घालावेत. ताईनं जांभळा दोरा निवडला आणि टाके स्वतः घातले. वेडेवाकडे झाले, पण दुरून ओळखू येतील असे.

धुणं शिकवताना बादली एकच ठेवा, असं मी सांगितलं. मराठवाड्यात पाण्याचं वेगळं सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घरी नळाखाली धार सोडून धुणारी मुलगी वसतिगृहात बादलीभर पाण्यावर अडते. अर्धी बादली साबणाला, अर्धी खळबळायला, आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी मोजे. रोज आपले दोन कपडे तिनं धुवायचे ठरलं. पहिल्या दिवशी आजीनं मधे पडून हातातून ओढून घेतले. "लेकराचे हात बघा की ओ!" आजीची समजूत घालायला मला वेगळा वेळ द्यावा लागला. वाकळीवरून मात्र मी आजीच्या बाजूनं होते. चार जुन्या लुगड्यांची ती वाकळ ताईच्या रोजच्या अंथरुणातली होती. डिसेंबरात परभणीचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. थंडीला ती उपयोगी आणि वास घरचा. पण न्यायची की नाही हे ताईलाच विचारलं. तिनं आधी नको म्हटलं, मुली हसतील म्हणून. दोन दिवसांनी स्वतःच घडी घालून पेटीत ठेवली.

केसांवरून खरी लढाई झाली. कमरेपर्यंत केस, रोज सकाळी आई विंचरून दोन वेण्या घालणार. तिथे कोण घालणार? वडील म्हणाले, "कापून टाका, उवा तरी होणार नाहीत." ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शाळेला जायच्या तोंडावर मुलीचे केस तिच्या मनाविरुद्ध कापणं मला अजिबात पटत नाही. घर सुटतंच आहे, त्यात आरशातला चेहराही बदलायचा कशाला? आधी वेणी घालायला शिकू दे, मग तिचं ती ठरवेल. दहा दिवस तिनं सराव केला, भांग रोज वाकडा. शेवटी हात दुखतात म्हणून तिनंच खांद्याखाली चार बोटं ठेवून केस कमी करून घेतले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळी पिशवी होती. ताईनं ती बाहेर काढली तशी आईनं पटकन परत ठेवली. "ते राहू दे, लागलं तर बाई सांगतील." आत सॅनिटरी पॅड होते.

पहिली पाळी साधारण दहा ते पंधरा या वयात कधीही येते. सहावीत वसतिगृहात गेलेल्या मुलीला ती घरी येण्यापेक्षा तिथेच येण्याची शक्यता जास्त, कारण वर्षातले बहुतेक दिवस ती तिथेच असते. तळाशी लपवलेली पिशवी त्या दिवशी काही कामाची नाही. जिला काही सांगितलेलंच नाही, ती चड्डीवर रक्त बघून आपल्याला मोठा आजार झाला असं समजते. अशा मुली मी पाहिल्या आहेत. एकीनं दोन दिवस कुणाला न सांगता कपडे लपवून ठेवले होते.

आई म्हणाली, "मॅडम, माझ्या तोंडून नाही निघायचं. तुम्हीच सांगा." मी म्हटलं, दोघी मिळून सांगू. मी सुरुवात केली, आईनं पॅड हातात घेतलं. ताईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "म्हंजी हे बारक्याचं डायपर नाही?" आई इतकी हसली की तिचा संकोच तिथेच निम्मा गेला. पुढचं तिनंच सांगितलं. कागद काढून कसं चिकटवायचं, चार-सहा तासांनी कसं बदलायचं, कागदात गुंडाळून कुठं टाकायचं, आणि आतले कपडे लाजून सावलीत नाही, तर उन्हात का वाळवायचे. पहिल्यांदा दिसलं की कुणाकडं जायचं हेही ठरलं: आधी वसतिगृह सांभाळणाऱ्या मॅट्रन मॅडम, त्या नसल्या तर वरच्या वर्गातली ओळखीची ताई. घरात चार दिवस बाजूला बसण्याची रीत होती. "तिथं पण बाजूला बसायचं का?" असं ताईनं विचारलं. आईनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच म्हणाली, "नाही. तिथं वर्गात जायचं, जेवायला सगळ्यांत बसायचं." पॅडची पिशवी पेटीत वरच्या बाजूला, रुमालांशेजारी आली.

त्याच बैठकीत अंगाला नकोसा स्पर्श करणाऱ्याविषयीचं बोलणंही उरकून घेतलं. वहीच्या पहिल्या पानावर आईवडिलांचे नंबर आणि खाली चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला, आणि पाठही केला, कारण वही हरवते. मुलाला पाठवत असाल तरी हे बोलणं सोडू नका. मुलग्यांना याचा धोका नसतो हा गैरसमज आहे.

उरलेलं पटकन सांगते. कॉइल घरी ठेवली, विजेच्या वस्तू वसतिगृहात चालत नाहीत आणि चालूही नयेत. सोन्याच्या बाळ्या काढून साध्या घातल्या. गोळ्या-औषधं लेकराच्या पेटीत ठेवू नयेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट शाळेच्या नर्सकडं द्यावीत. कुलपाची एक किल्ली मुलीच्या गळ्यात, दुसरी मॅट्रनकडं. शेंगदाण्याची चटणी टिकते आणि जेवणाला चव आणते. धपाटे दोन-तीन दिवसांत संपतील एवढेच द्यावेत. जायच्या आधी चार रात्री तिला मावशीकडं ठेवा, असं मी सांगितलं होतं. आईविना झोपायची सवय एकदम तिथेच लागू नये म्हणून.

निघताना आईच्या ओठावर एक वाक्य होतं, "नाही करमलं तर लगेच घेऊन येऊ." हे वाक्य मी बोलू देत नाही. त्यानं धीर येत नाही, उलट करमवून घ्यायचं काम लेकरू सुरूच करत नाही. त्याऐवजी खरं सांगावं की पहिले काही दिवस करमणार नाही, संध्याकाळी आणि झोपताना जास्त आठवण येईल, रडू आलं तर रडायचं आणि सकाळी उठून वर्गात जायचं, आम्ही भेटीच्या दिवशी येणारच आहोत. अर्थात याला अपवाद आहेत. महिना उलटूनही लेकरू जेवत नाही, झोपत नाही, वर्गात बसत नाही, असं कळलं तर शाळेशी बोलून समुपदेशकाला गाठा. आणि कुणी मारतंय, त्रास देतंय, अंगाला हात लावतंय असं तिनं सांगितलं तर भेटीच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा.

ताई पहिल्या भेटीला खूप रडली, दुसऱ्या भेटीला कमी. दिवाळीच्या सुटीत घरी आली तेव्हा परत नेण्याच्या सामानाची यादी तिनंच केली होती. आईनं फोनवर मला वाचून दाखवली. दोरी एक. चटणी दुप्पट. पाचपैकी दोन ड्रेस घरीच राहू द्यायचे, पेटीत जागा होत नाही. जांभळ्या दोऱ्याची रीळ एक, मैत्रिणींना पण टाके घालायचेत. आणि कपड्यांचे चिमटे दोन डझन, कारण चिमटे कुणाचेच राहत नाहीत.

"लाकडी घेऊ का प्लॅस्टिकचे?" आईनं विचारलं.

स्टीलचे घ्या म्हटलं. प्लॅस्टिकचे आपल्या उन्हात दोन महिन्यांत तुटतात.