एआयचं चित्र आणि 'छायाचित्र' हा शब्द

बडोद्याच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत रावपुऱ्यातली जुनी मिरवणूक दाखवायची आहे. त्या काळचा फोटो कुणाकडेच मिळाला नाही, म्हणून एआयकडून चित्र करून घेतलं. त्याखाली 'छायाचित्र' असं छापलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही.

'फोटो' म्हटलं असतंत तर वाद घालता आला असता. आपल्या घरांत दत्ताचा फोटो असतो, लक्ष्मीचा फोटो असतो. याची मुळं खुद्द बडोद्यापर्यंत जातात. सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याकडून 14 पौराणिक चित्रं काढून घेतली. पुढे 1894 मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला आणि त्याच्या देवदेवतांना घरोघरी काचेची चौकट मिळाली. त्या छापील चित्रांना आपण सर्रास फोटो म्हणतो आणि त्यात कुणाची फसवणूक होत नाही. पण 'दत्ताचं छायाचित्र' असं कुणी म्हणत नाही. हा फरक बोलणाऱ्यांनीच राखला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. 'फोटो' सैल झाला, 'छायाचित्र' झाला नाही.

संस्कृतात 'छाया' म्हणजे सावली, तसंच प्रतिबिंबही. पुराणातली सूर्यपत्नी संज्ञेची गोष्ट आठवा. सूर्याचं तेज सोसवेना, तेव्हा तिने आपल्या जागी आपलीच छाया ठेवली आणि ती निघून गेली. सूर्याला कितीतरी काळ पत्ता लागला नाही. छाया संज्ञेच्या मुलाशी, यमाशी दुजाभावाने वागू लागली तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणजे छायाही फसवू शकते. कॅमेऱ्याने घेतलेला फोटोही कापूनछाटून खोटं बोलू शकतो. तरी संज्ञा होती म्हणून तिची छाया होती. तुमच्या चित्रातल्या लेझीम खेळणाऱ्या पोरांमागे कुणीच नाही. एआय असंख्य खऱ्या फोटोंवरून शिकलं हे कबूल, पण त्या दिवशीचा रावपुऱ्यातला उजेड त्यात कुठून येणार? उद्या एखादी नात त्या गर्दीत आपले आजोबा शोधेल. तिच्याशी असं वागायला नको.

क्रियापदही जपून वापरा. फोटो आपण काढतो, गुजराती शेजारी 'पाडतात', हिंदीवाले 'खींचतात'. तिन्हीकडे समोर काहीतरी असावं लागतं. इथे 'तयार केलेलं' म्हणा. 'बनवलेलं' नको, मराठीत बनवण्याचा दुसरा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

ओळ अशी द्या: 'रावपुऱ्यातील मिरवणूक: एआयच्या साहाय्याने तयार केलेले काल्पनिक चित्र'. 'काल्पनिक' गाळू नका. नुसत्या 'एआय'वरून जुनाच फोटो उजळून घेतला आहे, असं कुणालाही वाटेल. आणि ही ओळ चित्राला लागूनच छापा, शेवटच्या पानावरच्या आभारांत नको.