काकांशी भांडायच्या आधी हे वाच

अरे बाळा,

तुझा मेसेज मिळाला, फॅमिली ग्रुपचे स्क्रीनशॉट पण बघितले. काका म्हणाले बोटीतून आसरा मागत येणाऱ्या परदेशी लोकांना आल्या पावली परत हाकला, तू म्हणालास तुम्हाला काळीजच नाही, आणि आता गणपतीत एकाच पंगतीला बसायचंय तुम्हाला! पुढच्या महिन्यात तू कॅडेट म्हणून जहाजावर चढणार, म्हणून फोन न करता लिहून पाठवतोय.

पाण्यात बुडणारा माणूस वर घ्यायचा की नाही, यावर मत नसतं. घ्यायचाच. सोलास, म्हणजे समुद्रावर जीव वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे कॅप्टनवर ते बंधन आहे, देश कुठला, कागद आहेत का, काही विचारायचं नाही. आणि सोलास नव्हतं तेव्हाही आपल्या हर्णैच्या तांडेलाला, बोट चालवणाऱ्याला, हे कोणी शिकवावं लागलं नाही. काकांचा जन्म बोटीवर गेला, त्यांना विचारून बघ, ते नाही म्हणणार नाहीत. खरं भांडण त्यानंतरचं आहे, वर घेतलेली माणसं उतरवायची कुठे.

2001 च्या ऑगस्टात टॅम्पा नावाच्या नॉर्वेच्या जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस आयलंडजवळ मोडक्या बोटीतून चारशेच्या वर माणसं उचलली, बहुतेक अफगाण. बोट संकटात आहे हा निरोप ऑस्ट्रेलियाचाच, पण जहाज उतरवायला आलं तर तेच नको म्हणाले, वर डेकवर कमांडो चढवले. त्यातले बरेच जण नाउरू बेटावर पाठवले, काही न्यूझीलंडने घेतले. नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात निवडणूक झाली आणि तेच सरकार परत आलं, म्हणजे काकांसारखा विचार करणारे तिकडेही काही कमी नाहीत, आणि ते सगळे राक्षस आहेत असं मला तरी वाटत नाही. 2020 ला मर्स्क एटिएन टँकरने माल्टाच्या सांगण्यावरून 27 जण वाचवले तर 38 दिवस कोणी उतरवून घेईना. टँकरवर 27 जादा माणसं म्हणजे काय ते तुला चढल्यावर कळेल, रेशन क्रूपुरतं, झोपायला जागा नाही, त्यात एक बाई गरोदर. शेवटी तिघांनी समुद्रात उड्या टाकल्या, क्रूने त्यांना पण परत वर काढलं. असं व्हायला लागलं की पुढचा कॅप्टन रेडिओवरचा कॉल ऐकून न ऐकल्यासारखं करेल ना? मला भीती त्याची वाटते.

आता काकांचा मुद्दा. आचे, इंडोनेशियातलं. 2015 च्या मे महिन्यात रोहिंग्यांच्या बोटी आजूबाजूचे देश एकमेकांकडे ढकलत होते तेव्हा आचेच्या मच्छीमारांनी, सरकारचा नकार असताना, त्यांना किनाऱ्याला आणलं, खायला घातलं. आणि त्याच आचेत 2023 च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांचा जमाव हॉलमध्ये घुसला आणि तिथे ठेवलेल्या रोहिंग्यांना, जास्त बायका-पोरंच, ट्रकात कोंबून बाहेर काढायला लावलं. मधल्या काळात बोटी येतच राहिल्या, वाटा उचलायला बाकीचे देश पुढे येईनात, आणि मोबाईलवर खोट्यानाट्याचा पूर. म्हणजे काका "किती जणांना, कुठवर" विचारतात तो प्रश्न खोटा नाही, तो तू हसण्यावारी नेऊ नकोस.

पण ते चुकतात कुठे, तर आल्या पावली म्हणतात तिथे. आसरा मागणाऱ्याचं निदान ऐकून घ्या, परत पाठवलं तर मारतील का ते बघा, मग ठरवा, एवढंच मागणं आहे. ऐकून झाल्यावर नाही म्हणता येतं की. 1951 च्या निर्वासितांच्या करारावर आपली सही नाही, तरी 1971 ला पूर्व पाकिस्तानातून कोटीच्या घरात माणसं आली ती आपण ठेवून घेतली. त्या वर्षाअखेर पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं, रिफ्यूजी रिलीफचं, काकांना नक्की आठवत असेल. आणि इंदिराबाई पहिल्यापासून म्हणत होत्या की यांना परत जावं लागेल, बांगलादेश झाल्यावर 72 मध्ये बहुतेक गेले पण. माया पण केली आणि मुदत पण सांगितली, दोन्ही एकाच सरकारने. काकांच्या पिढीने पाच पाच पैसे भरून केलंय हे, त्यांना काळीज नाही कसं म्हणतोस तू?

म्हणून ग्रुपवर आता काही टाकू नकोस. गणपतीत काकांना एकटं गाठ आणि विचार, काका, टॅम्पाचे कॅप्टन तुम्ही असतात तर काय केलं असतं. मग गप्प बसून ऐक, मध्ये तोंड घालायचं नाही (हे तुला जड जाणार, माहितीय मला).

आणि जहाजावर चढलास की पहिल्या ड्रिललाच बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, विचार स्क्रॅम्बलिंग नेट (पाण्यातल्या माणसाला वर चढायची जाळी) कुठे ठेवलंय, रेस्क्यू बोट कोण उतरवतं. मदत दिसली की बोटीतली माणसं सगळी एका अंगाला धावतात. 2015 च्या एप्रिलमध्ये लिबियाच्या उत्तरेला मदतीला आलेल्या जहाजावर अशीच एक खचाखच भरलेली बोट आदळून उलटली, आठशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हा आधी हातवारे करून खाली बसवायचं सगळ्यांना, लाईफजॅकेट टाकायची, मग एकेक वर. कॅप्टन सांगेलच, पण तुला आधीच माहीत असू दे.